बारा बाटल्या आणि एक डबा

बाटली क्र. १
ठिकाण: तळ्याचं तोंड, नदी येऊन मिळते तिथं
वेळ: शनिवार, सकाळी ६.४०
रंग: हिरवा. भिंतीला द्यायच्या रंगासारखा हिरवा.
शेरा:

चिठ्ठीवर शेऱ्यासाठी दीड बोट जागा असते. मला ती कधीच पुरलेली नाही. तेव्हा इथून पुढचं सगळं शेऱ्यातच धरा.

आम्ही तिघं नदीच्या उगमाकडे निघालो होतो, बारा बाटल्या पाणी आणायला! मी, माझा मोठा भाऊ आणि शहात्तर वर्षांचे अण्णा. सोमवारी अकरा वाजता सभागृहात सुनावणी होती. प्रश्न एकच होता: तळं हिरवं कुणी केलं? मासे उलटे होऊन काठाला लागत होते. नळाच्या पाण्याला ओल्या पोत्याचा वास येत होता. मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळं कशानं झालं ते मला माहीत होतं. पाण्यात फॉस्फरस वाढला होता. तो शेवाळानं खाल्ला आणि ते माजलं. पण तो आला कुठून? मी म्हणत होते, दोन्ही काठांच्या शेतांतून. शेती कंपनीनं काठावरची झाडं तोडून पाण्यापर्यंत नांगर नेला होता, तिथून. कंपनीचा वकील म्हणत होता, डोंगरातून. निसर्गाचंच आहे, आमचा काय दोष?

त्याच्याकडे पुरावा होता. एका माणसाची बावीस वर्षांची वही.

ती वही माझ्या वडिलांची होती. अण्णांची.

बाटली क्र. २
ठिकाण: कंपनीच्या शेताचा बांध
वेळ: ७.२५
रंग: दूध घातलेल्या चहासारखा
शेरा:

"तोंड वरच्या अंगाला कर," अण्णा काठावरून ओरडले. "आपल्या पायाचा गाळ आपल्या बाटलीत येता कामा नये!"

"माहितीये, अण्णा."

"तीनदा विसळ. चौथ्यांदा भर."

"माहितीये!"

"अण्णा, ती चाळीस वर्षांची झाली," दादा जीपच्या खिडकीतून म्हणाला. "आणि पगारी आहे. तुम्ही फुकटचे आहात."

"तू गप रे गोण्या. तुझ्याच पोत्यांतलं वाहून चाललंय हे."

दादाचं खताचं दुकान आहे. त्याच्या पोत्यांवर फॉस्फरसला स्फुरद म्हणतात. अण्णा त्याला गोण्या म्हणतात, आणि तो मला बुचकी म्हणतो. लहानपणी अण्णांनी भरलेल्या बाटल्यांना बुचं लावायचं काम माझं होतं. दादा आला होता तो जीप त्याची होती म्हणून, दोर त्याला बांधता यायचा म्हणून, आणि, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, "तळ्यात मासे नाहीत तर रविवारी माणसानं करायचं काय" म्हणून.

बाटल्या क्र. ३ व ४
एकाच जागेची जोडी. शेरा नाही. दादानं चौथीचं बूच पायाखाली घेतलं. त्यावरून जे बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही.

बाटली क्र. ५
ठिकाण: घळ, झुलता पूल
वेळ: १०.१०
रंग: तळ दिसतो
शेरा:

जीप इथंच सोडायची होती. पूल होता, पण अर्धा. तारा शाबूत होत्या आणि फळ्या मधल्या मध्ये गायब. तीस हात खाली पाणी दगडांवर आपटत होतं.

या पुलावरून आम्ही दर उन्हाळ्यात जायचो, अण्णांना ओढ्याचं पाणी मोजायचं असायचं म्हणून, वरच्या खोपट्यात राहायला. पुढं दोन खेचरं, मागं अण्णा, मग आई, आईच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, आणि पेटीवर चढवलेली माझी बाहुली. पूल हलायला लागला की आई मोठ्यानं पाढे म्हणायची. पलीकडे पोचेपर्यंत सतराचा पाढा संपलेला असायचा. मला सतराचा पाढा अजून घळीच्या आवाजासकट पाठ आहे.

दादा पहिला गेला, कमरेला दोर बांधून. हातांनी तार धरली आणि पाय खालच्या तारेवर ठेवले. एक पाऊल. दुसरं. मधोमध तार खाली गेली. तो थांबला. तार वर आली. तो पुढं सरकला. पोचला!

मग अण्णा. गुडघा कुरकुरत होता, पण चेहरा नाही. अर्ध्यावर पोचल्यावर त्यांचे ओठ हलताना दिसले. मी कान दिला.

"सतरा साती एकशे सतरा," अण्णा म्हणत होते.

"एकशे एकोणीस!" आम्ही दोघं दोन्ही काठांवरून ओरडलो.

बाटली क्र. ७
(सहावी सहाच्या जागेवर आहे, काळजी नसावी.)
ठिकाण: तोडलेला उतार
वेळ: दुपारी १२.३०
रंग: तांबूस, हलवली की गाळ बसत नाही
शेरा:

आठ वर्षांपूर्वी कंपनीनं इथलं जंगल उतरवलं होतं. लाकूड गेलं, बुंधे राहिले. उभ्या उतारावर हजारो बुंधे, माणसं उठून गेल्यावर राहिलेल्या स्टुलांसारखे. आमच्या वेळी इथं दुपारीही अंधार असायचा.

अण्णा एका बुंध्यावर बसले. हातातल्या काठीनं त्यांनी त्याची साल टोचली. काठी आत गेली.

"मुळं कुजली," ते म्हणाले. "माती धरून कोण ठेवणार आता?"

मला त्यांनी हे लहानपणीच शिकवलं होतं, पुस्तकाशिवाय. आई मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या शिवायची. त्यांत मी आणि दादा मोजून वीस-वीस पानं भरायचो आणि ओढ्यात दगडाखाली लावायचो. पंधरा दिवसांनी काढायचं आणि मोजायचं. कीटकांनी पानांची जाळी केलेली असायची. कीटकांना मासा खाणार, माशाला पक्षी खाणार, पक्षी झाडावर बसून विष्ठा टाकणार, ते मुळांना मिळणार, मुळं पान करणार, पान ओढ्यात पडणार. "काही फुकट जात नाही बघ," अण्णा म्हणायचे. "झाड असेपर्यंत सगळं वरच्या वर फिरत राहतं. झाड गेलं की निसटतं, आणि सुटलं की थेट खाली."

उताराच्या कडेनं पायवाट होती. ती कशीबशी पार केली. आभाळ भरून येत होतं.

बाटली क्र. ९
ठिकाण: शिल्लक जंगल
वेळ: २.१५
रंग: बाटली रिकामी आहे असं वाटावं इतकं स्वच्छ
शेरा:

वास आला. ओल्या पानांचा, सालीचा, थोडासा कोळशाचा. दादा थांबला, मीही थांबले. दोघांनाही आईची चूल आठवली असणार. बोललो असतो तर आठवण अर्धी-अर्धी झाली असती.

बाटली क्र. ११
ठिकाण: अण्णांचा बांध
वेळ: ३.५०
रंग: –
शेरा:

खोपटं उभं होतं! छप्पर एका बाजूनं बसलेलं, पण दार जागेवर. दाराच्या चौकटीवर आमच्या उंचीच्या खुणा होत्या. दादाची शेवटची खूण त्याच्या आताच्या छातीपर्यंत येत होती.

आणि खाली ओढ्यात अण्णांचा बांध. सिमेंटची बुटकी भिंत, मधोमध पत्र्याची खाच. त्या खाचेतून किती उंच पाणी पडतं ते बघायचं आणि मग बाटली भरायची. रोज सकाळी सात वाजता, दर उन्हाळ्यात, बावीस वर्षं. अण्णा खाली उतरले आणि त्यांनी भिंतीवरून हात फिरवला.

पहिली सहा वर्षं या पाण्यात फॉस्फरस दहा भरायचा, म्हणजे लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम. सातव्या वर्षी पूर आला. जुना बांध वाहून गेला. अण्णांनी चाळीस पावलं खाली नवा बांधला, कारण तिथं खडक पक्का होता. त्यानंतर आकडा एकदम तीसवर गेला आणि सोळा वर्षं तिथंच राहिला. अण्णांनी त्याचं कारण शोधलं: पुरानं वरचा कडा उघडा पडला, त्या खडकातला फॉस्फरस पाण्यात उतरायला लागला. 'पुरानंतरची उडी' या नावानं त्यांनी अकरा पानांचा लेख लिहिला. छापून आला. त्याचं पहिलं पान चौकटीत घालून त्यांच्या पलंगाच्या वर भिंतीवर लावलेलं आहे. आयुष्यात त्यांनी एवढा एकच शोध लावला. वकिलाकडे त्याचीच झेरॉक्स होती. डोंगरच तीस देतो म्हटल्यावर तळं हिरवं होणारच, असं त्याचं म्हणणं होतं.

"भलताच अर्थ काढतात," अण्णा घरून निघताना म्हणाले होते. "माझा आकडा खरा आहे. पण खालच्या मानानं किरकोळ आहे. दोन्ही सिद्ध करू."

मी काचेच्या उंच नळीत पाणी घेतलं. औषधाचे थेंब टाकले. नळी पांढऱ्या कागदावर धरायची, दहा मिनिटं थांबायचं आणि वरून बघायचं. फॉस्फरस असेल तर पाणी निळं होतं. तीस असेल तर निळा रंग सहज दिसतो.

दहा मिनिटं झाली. कागद पांढराच.

"औषध जुनं असेल," अण्णा म्हणाले.

मी खालून आणलेल्या दुसऱ्या बाटलीतलं थोडं पाणी घेतलं. थेंब टाकले. गडद निळं! शाळेच्या गणवेशासारखं!

"कडा कोसळला असेल मग. झाकला गेला असेल."

आम्ही वर बघितलं. कडा तसाच होता, उघडा, पिवळट.

"कडा जागेवर आहे," दादा हळूच म्हणाला. "मग इथून गेलं काय?"

अण्णांची नजर बांधावरून वर सरकत गेली. बारा-पंधरा पावलांवर काठाला एक सपाट दगड होता, मधोमध खोलगट झालेला, घासून घासून गुळगुळीत.

आई त्या दगडावर बसून भांडी घासायची. कपडे तिथंच. आमच्या अंघोळीही तिथंच. ती आम्हाला फेसाच्या टोप्या घालायची आणि म्हणायची, राजे, पळा आता.

जुना बांध दगडाच्या वर होता. नवा दगडाच्या खाली.

आपल्या पायाचा गाळ!

बाटली क्र. १२
ठिकाण: दगडाच्या वर, तीस पावलं
वेळ: ४.४०
रंग: स्वच्छ
शेरा:

डबा दादाला सापडला. खोपट्यातल्या फळीखाली होता, गंजलेला, निळ्या झाकणाचा. धुण्याच्या पावडरीचा. त्यानं नखानं गंज खरवडला आणि दुकानदाराच्या सवयीनं बारीक अक्षरं आधी वाचली.

"फॉस्फेट, तीस टक्के. अण्णा, हे माझ्या पोत्यापेक्षा भारी आहे."

"मी सकाळी सातला पाणी घ्यायचो," अण्णा म्हणाले. "ती संध्याकाळी धुवायची. रात्रभरात वाहून जायला हवं होतं."

"गाळात बसतं ते," मी म्हणाले. "बांधामागच्या डोहात. आणि मग हळूहळू सुटत राहतं." म्हणताना माझीच मला लाज वाटली. हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

अण्णा दगडावर बसले. खोलगट जागेत त्यांनी पंजा ठेवला.

"अण्णा, वहीत दुरुस्ती करायला हवी."

"नको."

"पण वकील..."

"तुझ्या बाटल्या आहेत ना? बारा आहेत. आजचं पाणी स्वच्छ आहे, एवढं त्या सांगतील. पुरे झालं. माझी वही कशाला उघडायची?"

"एका दिवसाचं पाणी आणि बावीस वर्षांची वही. ते कुणाचं ऐकतील?"

"ते वरचे वीस आकडे," अण्णा म्हणाले, आणि थांबले. "दहाचे तीस झाले ना, ते वरचे वीस म्हणजे तुमची आई आहे. तिचं दुसरं काही मोजून ठेवलेलं नाही माझ्याकडे. ते खोडू?"

दादानं डबा खाली ठेवला. पाऊस सुरू झाला. आम्ही छपराच्या शाबूत बाजूखाली सरकलो, पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली, आणि लहानपणी झोपायचो त्याच क्रमानं आडवे झालो. चौथी जागा कुणीही न सांगता मोकळी राहिली.

(चिठ्ठी नाही)

रविवार, सकाळी सव्वानऊ. तोडलेला उतार.

रात्रभराच्या पावसानं माती फुगली होती. पायवाट दिसत नव्हती. दुसरा रस्ता नव्हता. संध्याकाळपर्यंत बाटल्या प्रयोगशाळेत पोचल्या नाहीत तर त्या कामाच्या नव्हत्या.

दोर बांधला. पुढं दादा, मध्ये अण्णा, मागं मी. माझ्या खांद्याला बर्फाची पेटी, पेटीत बारा बाटल्या. दादा पलीकडच्या जिवंत झाडापाशी पोचला आणि त्यानं दोर खोडाला गुंडाळायला घेतला.

"या, अण्णा! सावकाश!"

अण्णांनी आधारासाठी बुंधा धरला.

बुंधा हातात आला!

अख्खा, मुळासकट. आणि त्याच्या मागोमाग जमीन निघाली. आवाज फार नव्हता. पोतं ओतल्यासारखा. अण्णा बसले, घसरले, दिसेनासे झाले. दोराला हिसका बसला. मी आडवी पडले. टाचा मातीत रुतवल्या. माती माझ्यासकट सरकली!

"धर!" दादा ओरडला. "गाठ बसली नाहीये! धर, बुचकी!"

उजव्या हातात दोर. डाव्या कोपरात पेटीचा पट्टा. दोर बोटभर सुटला. अजून बोटभर. खालून अण्णांचा आवाज आला, अगदी शांत, वर्गात बोलल्यासारखा:

"पेटी सोडू नकोस."

मी पेटी सोडली.

ती एकदा आपटली. दुसऱ्यांदा आपटली तेव्हा झाकण उघडलं. बारा बाटल्या उन्हात चमकत गेल्या, एकामागून एक, ओढ्यात. मी बघत बसले नाही. मला दोन हात मिळाले होते. दोन्ही हातांनी दोर! टाच एका दगडाला लागली. थांबले! दादानं वरून ओढलं, एक हात, आणखी एक हात, आणि चिखलातून एक टोपी वर आली. टोपीखाली अण्णा होते.

आम्ही तिघं झाडाखाली बसलो.

"बाटल्या?" अण्णांनी विचारलं.

"गेल्या."

"सगळ्या?"

"बाराच्या बारा."

"तीनदा विसळल्या होत्यास ना?"

"हो."

"हं," अण्णा म्हणाले, जणू तेवढंच समाधान.

"अण्णा, पुढच्या वेळी तुम्हाला पेटीत घालू आणि बाटल्या चालत आणू," दादा म्हणाला, आणि तोंड फिरवून त्यानं डोळे पुसले. मग खोडावर हात आपटून म्हणाला, "एवढं एक झाड सोडलं होतं त्यांनी. एवढं एकच."

बाटली: नाही
ठिकाण: सभागृह
वेळ: सोमवार, सकाळी ११.२०
रंग: –
शेरा:

वकील सभ्य होता. त्यानं अण्णांना खुर्ची दिली, पाणी दिलं. ग्लासातलं पाणी अण्णांनी उजेडात धरून बघितलं आणि ठेवून दिलं.

"हे आकडे आपलेच ना?" वकिलानं झेरॉक्स पुढं केली. "डोंगराचं पाणी तीस. सलग सोळा वर्षं."

"माझेच."

"बरोबर आहेत?"

आमच्याकडे काहीही नव्हतं. ना पेटी, ना बाटली. अण्णांच्या हाताला पट्टी होती. ते 'हो' म्हणाले असते तर त्यांचं अकरा पानी लिखाण टिकलं असतं आणि तळं गेलं असतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. दादाही खिडकीबाहेर बघत होता.

"आकडे बरोबर आहेत," अण्णा म्हणाले. "जागा चुकली."

त्यांनी पिशवीत हात घातला आणि टेबलावर गंजलेला डबा ठेवला. निळ्या झाकणाचा! तो त्यांनी कधी उचलला, मला माहीत नाही. घसरताना तो त्यांच्या पाठीवर होता.

मग त्यांनी मूळ वही उघडली आणि पेन मागितलं.

वहीत खोडायची एक रीत आहे. त्यांनीच शिकवलेली. खोडरबर नाही, गिरगटा नाही. आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी कारण. खाली सही आणि तारीख. अण्णांनी सोळा वर्षांच्या सोळा सरासऱ्यांवर सोळा रेघा मारल्या. रेघा सरळ आल्या.

"कारण काय लिहू?" त्यांनी मला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला शेरा विचारला.

मी जवळ गेले. त्यांचं बोट नवव्या वर्षाच्या पानावर होतं. आकड्यांचा रकाना त्यांच्या टोकदार अक्षरात. शेजारी शेऱ्याचा रकाना, त्यात वेडंवाकडं, पेन्सिलीचं, माझं. ते पाणी घ्यायचे, मी बूच लावायचे, आणि शेरा मला लिहायला द्यायचे, मूल रमावं म्हणून. तो त्यांनी कधी वाचला नव्हता. बावीस वर्षं ते फक्त आकडे वाचत आले होते.

*आज आकाश ढगाळ. एक बेडूक.*

*काल आईनं खूप फेस केला. डोह पांढरा झाला. मज्जा.*

अण्णांनी ते दोनदा वाचलं. मग पेन ठेवलं.

"कारण लिहिलेलं आहे," ते वकिलाला म्हणाले.

सुनावणी आणखी दोन तास चालली. दोन्ही काठांना तीस-तीस पावलं जमीन सोडायची आणि तिथं पुन्हा झाडं लावायची, असं ठरलं. उतारावरही. तळं अजून हिरवं आहे. गाळात बसलेलं सुटायला वर्षं लागतात. दादाचा धंदा एक चतुर्थांश बसला. त्याबद्दल तो मला रोज ऐकवतो, आणि रविवारी न बोलता रोपं घेऊन वर जातो.

चौकट अण्णांनी पलंगावरून उतरवली नाही. काच काढली, लेखाच्या नावावर एक रेघ मारली, सही केली, तारीख घातली आणि काच परत बसवली. परवा मी खालून वर बघितलं. खोडलेलं सगळं नीट वाचता येतं.